दारू सोडण्यासाठी समुपदेशन घेतलं, नऊ सेशननंतरचा अनुभव (नाशिक)

मी ४१ वर्षांचा, नाशिकला कंपनीत सुपरवायझर आहे, रोज रात्री एक क्वार्टर आणि शनिवारी त्याच्या वर, असं अकरा-बारा वर्षं चाललं होतं. मागच्या नोव्हेंबरपासून एका समुपदेशक मॅडमकडे जातोय. त्यांचं नाव मुद्दाम टाकत नाही, क्लिनिक छोटं आहे, बाहेर चारच खुर्च्या आहेत आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाकडे लोकांनी त्या नजरेने बघावं असं मला वाटत नाही. पण आत नक्की काय चालतं ते नीट लिहितो, म्हणजे तुम्ही तुमच्या गावात कोणाकडे गेलात तर काम बरोबर होतंय की नाही ते तुम्हाला कळेल.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगतो, तेव्हा मोठा भाऊ मला दुसऱ्या एका ठिकाणी घेऊन गेला होता. तिथल्या सरांनी मला एक प्रश्न विचारला नाही, वीस मिनिटं ऐकवलं, आईवडिलांचं नाव घालवलंत, पोरीच्या लग्नात काय तोंड दाखवणार वगैरे, आणि मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. वर मी आत जे काही बोललो ते सगळं दारातच भावाला सांगून टाकलं. शपथ चौथ्या दिवशी मोडली आणि त्यानंतर मला मुलीकडे सरळ बघवेना, म्हणून आणखी प्यायला लागलो. आपण सांगितलेलं गुप्त ठेवायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे आणि दारूचं व्यसन त्या कायद्यात मोडतं, हे मला आत्ताच्या मॅडमकडून कळलं. तेव्हा माहीत असतं तर तिथेच उठलो असतो.

या मॅडमनी पहिल्या सेशनला दारू सोडा असं म्हटलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची एक चाचणी असते, ऑडिट म्हणतात, ती भरून घेतली. एकूण ४० गुण असतात, ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं धरतात आणि २० किंवा जास्त आले तर दारूवर अवलंबून झालाय का ते डॉक्टरांनी नीट तपासायला पाहिजे. माझे १८ आले. मी म्हटलं चला वाचलो, तर त्या म्हणाल्या, "वाचायचं की नाही ते ठरवायलाच तुम्ही आलात ना?" एवढंच, लेक्चर नाही.

मग म्हणाल्या, पुढच्या वेळी घरी ज्या ग्लासातून घेता तो घेऊन या. मला वाटलं मस्करी करताहेत पण नेला. त्यांनी बाटलीत पाणी भरून ठेवलं होतं, म्हणाल्या रोज ओतता तसा एक पेग ओता. मी ओतला, त्यांनी तो ३० एमएलच्या मापाने मोजला तर तीन मापं भरून वर थोडं उरलं. म्हणजे मी बायकोला इतकी वर्षं "दोनच घेतले गं" म्हणायचो तेव्हा ते सहा असायचे आणि मी खोटं बोलतोय हे मलाही माहीत नव्हतं. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते, तिच्या ३० एमएलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, त्या हिशोबाने १८० एमएलची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. आणि जे म्हणतात मी फक्त बिअर घेतो त्यांच्यासाठी सांगतो, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर जातं, चार पेग झाले ना.

सगळ्यात महत्त्वाचं आता. त्यांनी मला एकदम बंद करू दिलं नाही, आधी मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. रोज पिणाऱ्याने झटक्यात सोडली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना फिट येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, त्यात जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे माळ घातली, देवासमोर बाटली फोडली की झालं असं समजतात, श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्याआधी डॉक्टरांना दाखवाच. माझी लिव्हरची तपासणी झाली, बी-वन जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, काही दिवस झोपेचं आणि थरथरीचं औषध दिलं आणि मग थांबवली. दुसरं म्हणजे ते "न सांगता दारू सोडवा" वाले पावडर विकतात ना, कृपा करून जेवणात मिसळून देऊ नका. त्यात काय असतं ते आपल्याला कळत नाही, आणि दारू प्यायली की त्रास होतो आणि त्या भीतीने माणूस पीत नाही, म्हणून डॉक्टर जी डायसल्फिरामची गोळी देतात ती सुद्धा माणसाला सांगून, तपासून द्यायची असते, नकळत दिली आणि वर तो प्यायला तर दवाखान्यात न्यायची वेळ येते.

मधल्या सेशनमध्ये मुख्य काम वहीचं. रोज लिहायचं, किती वाजता तलफ आली, कुठे होतो, त्याआधी काय झालं होतं. तीन आठवड्यांनी वही बघितली तर जवळजवळ रोज साडेसात, कंपनीतून निघून सिग्नलला थांबलो की, आणि ज्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं त्या दिवशी तर दुपारपासूनच. मी समजत होतो मला दारू आवडते. वही सांगत होती की मला घरी जायच्या आधी तो अपमान कुठेतरी ठेवून द्यायचा असतो. मग रस्ता बदलला, कंपनीतून निघायच्या आधी चहा आणि काहीतरी खाऊन घ्यायला लागलो, उपाशी पोटी तलफ जास्त येते. आली तरी ती चढते आणि उतरते, वीस-तीस मिनिटं काढायची, तेवढ्यात बहुतेक वेळा ओसरते.

श्रावणाचं पण सांगतो कारण हे घराघरात आहे. मी दरवर्षी श्रावण कडक पाळायचो आणि त्याच जोरावर सगळ्यांना सांगायचो की मनात आणलं तर मी सोडू शकतो, मी काय बेवडा नाही. मॅडमनी विचारलं, श्रावण संपतो तो दिवस कसा जातो? मला उत्तर देता आलं नाही. मी महिनाभर दिवस मोजत असायचो.

मित्रांचा "बसायचं का?" हा फोन आला की काय बोलायचं याची तर चक्क प्रॅक्टिस घेतली, मॅडम मित्र झाल्या आणि मी नाही म्हणायचं. मी आधी "आज नको रे" म्हणत होतो, त्या म्हणाल्या त्यात उद्याचं आमंत्रण आहे. आता "मी घेत नाही, जेवायला येतो" म्हणतो. दोन मित्र तुटले, तीन अजून आहेत.

पाचव्या सेशनला बायकोला बोलावलं होतं. ती घरातलं कालनिर्णय घेऊन आली. आमच्याकडे दुधाचे खाडे त्यावर लिहितात, त्याच चौकोनात खाली कोपऱ्यात पेनाने बारीक टिंबं होती. मी प्यायलेल्या रात्रींची. आदळआपट केली त्या रात्री दोन टिंबं. मला वाटायचं तिच्या लक्षात येत नाही, ती कधी बोललीच नव्हती. त्या दिवशी मॅडमनी मला गप्प बसवलं आणि तिला पाऊण तास बोलू दिलं, तिची झोप, तिची पित्ताची गोळी, पोरीला माझ्या आधी झोपवायची तिची घाई. मी बाहेर येऊन गाडीवर बसलो पण किल्ली लावता येत नव्हती. घरच्यांसाठी वेगळा वेळ ठेवत नसतील तर ते समुपदेशन अर्धंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीत चुलत भावाच्या हळदीला घसरलो, तीन पेग झाले. पुढचं सेशन चुकवणार होतो, बायकोने ढकललं. मॅडमनी फक्त विचारलं की तिसऱ्यानंतर चौथा का नाही घेतला? मला आठवलं की मी तिथून उठून पोरीसोबत घरी आलो होतो. त्या दिवसाचं पण वहीत लिहून घेतलं. आता गटारी येतेय, मागच्या सेशनला त्याच दिवसाचं बारीक प्लॅनिंग केलंय, कुठे जायचं, कोणाचा फोन घ्यायचा नाही इथपर्यंत.

एवढ्याशा बोलण्याने काय होतं असं भाऊ अजून म्हणतो. त्याला मी गोव्याचं सांगितलं, तिथे संगत संस्थेच्या लोकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला, समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेली स्थानिक माणसं होती, जास्तीत जास्त चार सेशन. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, न घेतलेल्यांत २६ टक्के. २०१७ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलंय. सगळ्यांना गुण येत नाही हे खरं आहे, पण दहा टक्क्यांचा फरक म्हणजे शंभरात दहा घरं.

तक्रारी: फी ८०० रुपये, पंचेचाळीस मिनिटं, माझ्यासारख्याला महिन्याला जड जाते. संध्याकाळच्या वेळा आठवड्यातून दोनच दिवस आणि जिन्यात व्यसनमुक्तीचा एवढा मोठा बोर्ड लावलाय की पहिल्यांदा येणारा खालूनच परत जाईल, हे मी त्यांना बोललोय.

पैशाची अडचण असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ वेगळा आहे. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात विचारा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांचाच गट, त्यांच्या मीटिंगला पैसे लागत नाहीत आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. सकाळी उठल्या उठल्या लागत असेल, फिट येऊन गेली असेल तर मात्र माझ्यासारखं येऊन-जाऊन भागणार नाही, भरती व्हावं लागू शकतं, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच.

मॅडमकडे फोन केला तर कारण विचारत नाहीत, नुसतं नवीन पेशंट म्हटलं तरी वेळ देतात. मी तीन वेळा रिंग वाजल्यावर कट केला होता, चौथ्या वेळी त्यांनीच उलटा फोन केला.