‘पारखून निवडलेल्या’ वायनऱ्या आणि बिलावरचा चालकाचा क्रमांक

वाइनसाठी नावाजलेल्या प्रदेशात जाणाऱ्या पर्यटकापुढे वायनऱ्या शेकड्यांनी असतात, हाताशी वेळ मात्र एखाद्याच दिवसाचा असतो, आणि चार ठिकाणी चाखून झाल्यावर स्वतः गाडी चालवणे शहाणपणाचे नसते. याच कारणांमुळे आम्ही पतिपत्नींनी एका सहल कंपनीची दिवसभराची फेरी आगाऊ पैसे भरून घेतली. ‘आम्ही स्वतः पारखून निवडलेल्या, कुटुंबांनी चालवलेल्या लहान वायनऱ्या’ असे तिच्या जाहिरातीत ठळकपणे लिहिलेले होते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण वाचकाला नावापेक्षा पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिले ठिकाण पाहताक्षणी मन प्रसन्न व्हावे असेच होते: दगडी दर्शनी भाग, फाटकाशी वेलींच्या काही ओळी, आत मंद उजेडात रचलेली ओकची पिंपे आणि आजोबांनी लावलेल्या दोनशे वर्षांच्या वेलींची ओघवती कहाणी. आजोबांनीच लावल्या तर त्या दोनशे वर्षांच्या कशा, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी फाटकाजवळच्या वेलींची खोडे अंगठ्याएवढीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या किडीने युरोपातील बहुतेक द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, आणि त्यानंतरची लागवड प्रामुख्याने अमेरिकी खुंटांवर कलमे करून झाली. त्याआधीच्या वेली जगात आहेत. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात 1843 साली लावलेल्या वेली आजही फळ देतात. पण अशा वेली दुर्मिळ असतात, आणि ज्याच्याकडे त्या असतात तो त्या दाखवल्यावाचून राहत नाही. आम्हाला त्या दाखवण्यात आल्या नाहीत.

खरी शंका यायला हवी ती वासावरून. दिवस द्राक्षतोडणीचे होते आणि वाटेत द्राक्षांनी भरलेले ट्रॅक्टर सतत दिसत होते. वर्षातून एकदाच येणाऱ्या या हंगामात चालू वायनरीची फरशी ओली असते, रबरी नळ्या इकडून तिकडे पसरलेल्या असतात, आणि आंबणाऱ्या रसातून कार्बन डायऑक्साइडबरोबर वासही बाहेर पडत असल्यामुळे आवारात शिरताच तो उग्र-गोड दरवळ जाणवतो. येथे फक्त मेणबत्त्यांचा सुगंध होता. द्राक्षे दाबण्याचे यंत्र पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा पहिल्या ठिकाणी सुरक्षेचे कारण सांगण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उत्पादन विभाग दुसऱ्या गावी आहे’ असे उत्तर मिळाले.

पिंपांची गोष्टही तशीच होती. लाकडातून वाइन सतत थोडी थोडी उडून जात असते, म्हणून भरलेले पिंप ठरावीक काळाने वरपर्यंत भरावे लागते आणि त्याच्या बुचाभोवती डाग पडतात. ही पिंपे नेपथ्यासारखी स्वच्छ होती. बोर्दो पद्धतीच्या पिंपात 225 लिटर, म्हणजे नेहमीच्या 300 बाटल्यांएवढी वाइन मावते. दालनातील तीसएक पिंपांचे गणित नऊ हजार बाटल्यांपाशी थांबते. दारात मात्र बसमागून बस येत होती आणि विक्रीच्या फळ्यांवर डझनावारी प्रकार मांडलेले होते.

चाखण विनामूल्य होती, आणि नेमके तेथेच पाणी मुरत होते. पाच पेल्यांनंतर ‘रिझर्व्ह’ नावाची, ‘फक्त येथेच मिळणारी’ वाइन पुढे आली आणि खोके घरपोच पाठवण्याची सोय सांगण्यात आली. आम्ही एक खोके घेतले. बिल करण्यापूर्वी गल्ल्यावरील व्यक्तीने आमच्या चालकाचा क्रमांक विचारला आणि तो बिलावर छापलाही. कोणती वायनरी पाहण्यासारखी आहे, हे चव किंवा परंपरा पाहून नव्हे, तर विक्रीतील दलालीवरून ठरले होते, याचा इतका स्पष्ट लेखी पुरावा सहसा कोणी ग्राहकाच्या हातात देत नाही.

घरी पोहोचलेल्या बाटल्या चाखलेल्या सालाच्या नव्हत्या, एका वर्षाने नंतरच्या होत्या, आणि लेबलावर ‘रिझर्व्ह’ शब्द नव्हता. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘समान मूल्याचा पर्यायी माल पाठवला जाऊ शकतो’ असे छापलेले आढळले. मागच्या लेबलावरील ओळीनुसार वाइन भरणारी कंपनी वेगळी होती, गाव वेगळे होते; आम्ही पाहिलेल्या वास्तूचे नाव केवळ व्यापारी छाप म्हणून वर होते. सहल कंपनीने विक्रेत्याकडे बोट दाखवले आणि विक्रेत्याने वाहतूकदाराकडे.

या व्यवहारातील बरेच काही बेकायदा नसते, हीच यातील मेख आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत ‘रिझर्व्ह’ या शब्दाला काहीही अर्थ ठरवून दिलेला नाही, तर स्पेनमध्ये ‘रिसेर्व्हा’ लिहिलेली लाल वाइन किमान तीन वर्षे, आणि त्यांतील किमान एक वर्ष ओकमध्ये, मुरलेली असावी लागते. त्यामुळे समोरची मोठी अक्षरे सोडून बारीक ओळ वाचावी. अमेरिकी लेबलावर ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ असेल, तर किमान 75 टक्के वाइन त्या उत्पादकाने स्वतः आंबवून केलेली असते. ‘सेलर्ड’ किंवा ‘व्हिंटेड’ या शब्दांतून तसे काहीच सिद्ध होत नाही. शॅम्पेनच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘आर. एम.’ असेल, तर ती स्वतःची द्राक्षे पिकवून वाइन करणाऱ्याची असते, आणि ‘एन. एम.’ असेल तर द्राक्षे विकत घेऊ शकणाऱ्या व्यापारी घराण्याची. दुसरा प्रकार वाईट असतो असे मुळीच नाही, पण ‘लहान कुटुंबाची वायनरी’ म्हणून तो दाखवला जात असेल तर खुलासा मागावा.

आता आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी आवडलेल्या बाटल्यांच्या लेबलांवरून उत्पादक शोधतो, त्यांना थेट पत्र लिहून भेटीची वेळ मागतो, आणि आंबवण्याच्या टाक्या पाहायला मिळतील का, हे त्याच पत्रात विचारतो. लहान उत्पादक हंगामात अनेकदा नकार देतात, आणि तो नकार मला तरी विश्वासार्ह वाटतो. आधी वेळ घ्यावी लागणे म्हणजे आढ्यता, हा समजही खरा नाही. कॅलिफोर्नियातील नापा परगण्यात 1990 च्या नियमानंतर उभ्या राहिलेल्या वायनऱ्यांना चाखणीसाठी पूर्वनियोजित भेट बंधनकारक करण्यात आली. चाखणीचे शुल्क असेल तर ते आनंदाने द्यावे, कारण शुल्क भरलेल्या माणसावर खरेदीचे ओझे राहत नाही. गाडी तासांच्या हिशेबाने घ्यावी, ठिकाणांची यादी आपण द्यावी आणि वाटेतील ‘आणखी एक छान जागा’ नम्रपणे नाकारावी. दिवसाला तीन ठिकाणे पुरेशी होतात. त्यानंतर जिभेला फरक कळत नाही, आणि विक्रेत्याला ते पक्के ठाऊक असते.

पैशांचे म्हणाल, तर चाखलेल्या बाटलीच्या लेबलाचे छायाचित्र आणि बिल जपून ठेवले असल्यामुळे कार्ड देणाऱ्या बँकेने खोक्याची रक्कम परत मिळवून दिली. सहलीचे शुल्क मात्र परत आले नाही, कारण ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी नेल्याचे कंपनीने दाखवून दिले आणि ते ग्राह्य धरले गेले.