१४४१६: माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत टेली-मानस कितपत कामाला येतं?

तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. कुणी चहा टाकतं, कुणी मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसला जाऊन येतं, कुणी अस्थी घेऊन रामटेकला अंबाळा तलावावर जायची गाडी ठरवतं. पाहुणे गेले की मग खरं जड जायला लागतं. या नंतरच्या काळासाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आपल्या नागपूरकरांना किती उपयोगाची आहे, एवढंच इथे पाहायचं आहे. आत्महत्येचे विचार, नैराश्य, व्यसन यांसाठी हा नंबर आहे हे पोस्टरवरून लोकांना कळलं आहे. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखासाठीही तो लावता येतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था तिची मुख्य संस्था. नंबर १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास सुरू, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात. गरज वाटली तर ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा सरकारी दवाखान्यात पाठवतात. बोलणं गोपनीय राहतं.

बरेच फोन पहिल्याच पायरीवर तुटतात. लागला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो आणि भाषा निवडायला सांगतो. रडून रडून घसा बसलेल्या माणसाला "मराठीसाठी अमुक दाबा" हे ऐकवत नाही, आणि तो फोन ठेवून देतो. वयस्कर माणसांचं वेगळंच: फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते आणि आकडे सापडत नाहीत. म्हणून स्पीकर लावा, फोन टेबलावर ठेवा, कीपॅड उघडा आणि मगच ऐकायला बसा. जमलं तर ही सुरुवात घरातल्या दुसऱ्या कुणी करून द्यावी, समोरून माणसाचा आवाज आला की फोन हातात द्यावा आणि खोलीबाहेर जावं.

जागा आधी ठरवा. दोन खोल्यांच्या घरात आई शेजारी बसलेली असताना बाबांबद्दल मोकळं बोलता येत नाही. माणूस "हो, नाही, ठीक आहे" एवढंच म्हणतो आणि फोन वाया जातो. गच्ची, उभी केलेली कार, सकाळी अंबाझरी तलावाकडचा एखादा निवांत बाक, काहीही चालेल. हातात पाऊण तास मोकळा हवा.

पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "मला बरं वाटत नाही" असं म्हटलं की समोरचा ताप, बीपी, झोप विचारत बसतो आणि मूळ गोष्ट दहा मिनिटांनी निघते. कोण गेलं, कधी, कसं, आणि आता रोजच्या जगण्यात काय अडतंय, हे चार मुद्दे आधी सांगा. उदाहरणार्थ: "माझे वडील तीन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. मला रात्री दोन-तीन तासच झोप लागते, दुकानात लक्ष लागत नाही, आणि घरात त्यांचा विषय निघाला की मी उठून जातो." एवढ्यावर समुपदेशक नेमका प्रश्न विचारू शकतो. नागपूरहून बोलतोय हेही सुरुवातीलाच सांगा, कारण पुढे कुठे दाखवायचं हे जिल्ह्यावर ठरतं.

थोड्या वेळाने एक प्रश्न बहुधा येईल: जीव द्यावासा वाटतो का? हा ऐकून घाबरू नका, रागावूही नका. तो विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, आणि न विचारता पुढे जाणं हा निष्काळजीपणा ठरला असता. "त्यांच्याकडे जावंसं वाटतं" ही ओढ शोकात अनेकांना असते. ते कसं करायचं हेही मनात ठरलेलं असेल, तर तेही सांगा. अशा माणसाला घरच्यांनी एकटं सोडू नये. धोका समोर दिसत असेल तर सरळ ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

आता दुःखाबद्दल. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, आधी नकार, मग राग, शेवटी स्वीकार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलंय की लोक स्वतःला त्यावर तपासतात आणि "मी अजून रागावरच अडकलोय" म्हणून खचतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायलाच हव्यात असा नियम नाही. फोनवर कुणी "तुम्ही कुठल्या पायरीवर आहात" या भाषेत बोलू लागलं, तर नम्रपणे सांगा की तुम्हाला आजच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे.

याहून उपयोगी चौकट मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडली. दुःखातला माणूस दोन बाजूंना सतत ये-जा करतो. एका बाजूला गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो, त्यांचा शर्ट. दुसऱ्या बाजूला महावितरणचं बिल, गॅसचं बुकिंग, मुलाची फी, नवी कामं शिकणं, कधी थोडा विसावा. तब्येतीसाठी ही ये-जा लागते. जो फक्त रडतो तोही अडकतो आणि जो दुसऱ्याच आठवड्यापासून फक्त कामात बुडतो तोही.

आनंदाचा प्रश्न इथेच येतो, आणि आमच्या मते या नंबरचा सर्वांत चांगला उपयोगही हाच. माणूस जाऊन दोन महिने झालेत, कुणीतरी काहीतरी बोललं आणि तुम्ही खळखळून हसलात. पुढच्याच क्षणी पोटात गोळा येतो: मी हसलेच कशी? पहिल्या वर्षी सण करायचे नाहीत, गोडधोड नाही, नवीन कपडे नाहीत, या वातावरणात हे अपराधीपण दुप्पट होतं. नातेवाइकांना सांगावं तर ते गप्प बसतात. अनोळखी पण शिकलेल्या माणसाला हे सांगणं सोपं जातं. चांगला समुपदेशक "काळ हेच औषध" म्हणून मोकळा होत नाही. हसू आलं तेव्हा शेजारी कोण होतं, नंतर मनात काय आलं, गेलेल्या माणसाला तुमचं हसणं आवडायचं का, असं विचारत जातो. सण पाळणं न पाळणं हा घराचा निर्णय. पण फुटाळा तलावावर वीस मिनिटं फिरून येणं किंवा मैत्रिणीकडे पाटोडी खाणं यासाठी वर्ष सरायची वाट पाहायची गरज नाही.

फोन ठेवण्याआधी एक छोटं काम ठरवून घ्या. "मन रमवा" यातून काही होत नाही, कारण त्यात करायचं काहीच नाही. काम वेळेचं आणि मापाचं हवं. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. इतकी वर्षं कुकरमध्ये तीन वाट्या तांदूळ पडायचे. हात अजूनही तिसरी वाटी भरतो, रोज भात उरतो, आणि तो उरलेला भात पाहून बाई ओट्याशीच बसते. यावर उपाय एवढाच की दोन वाट्यांचं माप वेगळ्या डब्यात ठेवायचं, आणि आठवड्यातून एक दिवस मुद्दाम, ठरवून, त्यांच्या आवडीचा वडाभात करून शेजाऱ्यांनाही द्यायचा. आठवणीला एक वार मिळाला की बाकीच्या दिवशी कुकर लावणं थोडं सोपं जातं. शर्ट, चष्मा, चपला यांचंही तसंच: सगळं एका दिवसात वाटून टाकायला कुणी भाग पाडत असेल तर नाही म्हणा. एक पेटी ठेवा, उरलेल्याचं सहा महिन्यांनी बघू.

गेलेल्या माणसाचं सिम तातडीने बंद करू नका, आणि नुसतं पडूही देऊ नका. रिचार्ज नसलेला नंबर काही महिन्यांत दुसऱ्याच्या नावे जातो. बँकेचे ओटीपी आणि जुने व्हॉइस मेसेज याच नंबरावर असतात. आवाजाच्या फाइल आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मग काय ते ठरवा. हे कुणी फोनवर सांगेलच असं नाही, आणि नंतर त्याची हळहळ मोठी असते.

आता कापलेला एक गुण. फोनसेवेत ज्याची पाळी असेल तो फोन घेतो. पुढच्या वेळी दुसरा आवाज, आणि "माझे वडील…" पुन्हा पहिल्यापासून. शोकात हे सोसत नाही. पुन्हा फोन कधी येईल, कोण करेल, हे ठेवण्याआधी विचारा आणि वहीत चार ओळी लिहा: तारीख, काय बोललो, काय करायचं ठरलं, कुठे जायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या ओळी वाचून दाखवल्या की निम्मा वेळ वाचतो.

दुसरी मर्यादा औषधांची. समुपदेशक गोळ्या देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणून खाणं हा शोकातला सर्वांत वाईट शॉर्टकट. बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, आणि दुःख आहे तिथेच राहतं. रात्रीच्या दारूचंही तेच.

प्रत्यक्ष भेटीची गरज कधी? पावलं ऐकू आली, गर्दीत तेच दिसले असं वाटलं, याला वेड समजू नका. शोकात ते सर्रास होतं. पण सहा महिने उलटूनही ओढ रोज तितकीच तीव्र असेल, मृत्यू झालाच नाही असं वाटत असेल, कामधंदा ठप्प असेल, तर फोन पुरेसा नाही. दीर्घकाळच्या शोकाचं निदान आता वैद्यकीय वर्गीकरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची अट आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे, "पागलखाना चौकात जायचं?" म्हणून जे थांबतात, त्यांनी मेडिकलला जावं, पण जावं. सकाळी लवकर निघा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि ती वही सोबत घ्या.

शेवटचा उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही: दुसऱ्यासाठीही फोन करता येतो. आजी जेवत नाही, नातू शाळेत गप्प असतो, त्यांच्या वतीने विचारा. लहान मुलांना "आजोबा झोपले" किंवा "गावाला गेले" सांगू नका. मूल मग झोपायला घाबरतं, नाहीतर दारात वाट पाहत बसतं. "आजोबा वारले, त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही," हे चारही भाग सांगा. मूल तेच पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी तेच उत्तर द्या. शाळेत पाठवण्याआधी वर्गशिक्षिकेला फोन करून सांगा, म्हणजे सगळ्या वर्गासमोर त्याला काही विचारलं जाणार नाही.