टोटल वॉर: थ्री किंगडम्स – गुआन यूला घेऊन बरेच महिने खेळल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, घाईतल्यांचा वेळ वाचेल. गेम घ्या, सेल लागल्यावर घ्या, आणि पहिली कॅम्पेन लिऊ बेईची खेळा. पैसे वसूल होतात. मात्र चिनी इतिहासातला ज्या सेनापती गुआन यूसाठी मी हा गेम घेतला, तो मला रणांगणावर पुरेपूर मिळाला आणि नकाशावर अर्धाच. पुढचं सगळं त्या राहिलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा हा स्ट्रॅटेजी गेम 23 मे 2019 ला आला. मुख्य कॅम्पेन इसवी सन 190 मध्ये सुरू होते. हान घराण्याची सत्ता नावापुरती उरलीय, बालसम्राट डोंग झुओ या सरदाराच्या मुठीत आहे आणि जो तो सरदार आपापला सुभा धरून बसलाय. नकाशावर टर्न म्हणजे पाळी घेत राज्य चालवायचं आणि लढाई लागली की मैदानात उतरून सैन्य हलवायचं. वर्षाला पाच टर्न. एका सैन्यात तीन सेनापती, प्रत्येकाच्या हाताखाली सहा तुकड्या. लिऊ बेई, गुआन यू आणि झांग फेई हे शपथेचे भाऊ सुरुवातीलाच एका सैन्यात मिळतात, म्हणजे भूभाग चिमूटभर आणि माणसं मात्र अव्वल. नवख्याला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. शिवाय लिऊ बेईला हान साम्राज्याच्या ताब्यातली ठाणी युद्धाशिवाय आपल्यात सामील करून घेता येतात. त्यासाठी ‘युनिटी’ नावाचं भांडवल साठवावं लागतं. ते जमलं की पहिली काही वर्षं मजेत जातात.

आता लढाई. खेळायचे दोन मोड आहेत, कादंबरीसारखा रोमान्स आणि इतिहासाजवळचा रेकॉर्ड्स. रोमान्स मोडमध्ये सेनापती एकटा उतरतो, अंगरक्षक वगैरे काही नाही, आणि हा एकटा माणूस शेकडो शिपायांना भारी पडतो. गुआन यूला मी सहसा डाव्या बगलेला झाडीत दडवून ठेवायचो. समोरची फळी आपल्या भालेवाल्यांशी भिडली की त्याला मागून घुसवायचा. ते लांब दांड्याचं पातं आडवं फिरतं, चार-पाच जण हवेत उडतात आणि बाकीच्यांचं मनोधैर्य दाखवणारी पट्टी खाली यायला लागते. घोड्यावर असताना एकच पथ्य पाळायचं: उभ्या भाल्यांवर समोरून नेऊ नका. तिथे त्याला पायउतार करा. घोडा सोडायची सोय आहे, आणि बरेच जण ती विसरूनच जातात.

खरी चैन आहे ती ड्युएलमध्ये, म्हणजे एकास एक लढतीत. समोरच्या सेनापतीला आव्हान द्यायचं, त्याने स्वीकारलं की दोघांभोवती रिंगण पडतं आणि उरलेली लढाई बाजूला चालू राहते. अर्ध्यात पळून गेलात तर तुमच्याच सैन्याचा धीर सुटतो, म्हणून आव्हान देण्याआधी दोघांचे आकडे बघून घ्या. नदीकाठच्या एका लढाईत माझं सैन्य जवळपास निम्मं होतं, मधली फळी फुटत आली होती. गुआन यूने शत्रूच्या मुख्य सेनापतीला रिंगणात लोळवला आणि त्या बाजूच्या तुकड्या एकामागून एक पांढरं निशाण दाखवत पळाल्या. हरलेली लढाई हाती आली. हा अनुभव दुसऱ्या कुठल्या स्ट्रॅटेजी गेमने मला दिलेला नाही. ल्यू बू या बलाढ्य योद्ध्याच्या नादी मात्र सुरुवातीला लागू नका. तो डोंग झुओकडे असतो आणि सुरुवातीच्या वर्षांत एकास एक कुणालाच ऐकत नाही, गुआन यूलाही नाही. पुढे त्याला हरवलंत तर त्याचा लाल घोडा हाती लागू शकतो. तो काढून गुआन यूला द्यायचा. या काळावरच्या चौदाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत तो घोडा शेवटी त्याच्याकडेच जातो, म्हणून मनालाही बरं वाटतं. इतिहासात तो फक्त ल्यू बूचा, गुआन यूशी त्याचा संबंध नाही.

इथपर्यंत तक्रार शून्य. आता निष्ठेकडे येतो.

या गेममध्ये प्रत्येक माणसाच्या समाधानाचा एक आकडा असतो. त्यावर कर्सर नेला की यादी उघडते. चांगलं पद दिलं, हिरवं. मित्रासोबत ठेवलं, हिरवं. मोठं पद हवं होतं पण मिळालं नाही, लाल. ज्याच्याशी जमत नाही त्याच्या शेजारी बसवलं, लाल. आकडा घसरत गेला की माणूस कुरकुरतो आणि एक दिवस चालता होतो, कधीकधी शत्रूच्या दारात जाऊन उभा राहतो. अनुभव वाढला की माणसाची हावही वाढते, आणि दरबारात पदं मोजकी. त्यामुळे बढत्या, भेटी, चांगला घोडा, चांगली तलवार असं वाटप सतत चालू ठेवावं लागतं. मला हा भाग फार आवडला. एक धडाडीचा पोरगा मी पहिल्यापासून वाढवला, प्रत्येक मोहिमेवर नेला, पद द्यायचं राहून गेलं आणि तो ऐन हिवाळ्यात सोडून गेला. दोन वर्षांनी समोरच्या सैन्यात दिसला. असली कथा लिहून मिळत नाही, आकड्यांतूनच घडते.

गुआन यूच्या बाबतीत मात्र ही यंत्रणा झोपलेली असते. लिऊ बेईशी शपथेचं नातं, त्याचे हिरवे आकडे इतके की बाकी काहीही करा, काटा हलत नाही. मी त्याला मुद्दाम पद दिलं नाही. टर्नवर टर्न सीमेवरच्या ठाण्यात बसवून ठेवला. ढिम्म. अव्वल योद्धा, सुटून जायची भीती नाही, मनधरणीचा खर्च नाही. हिशेबाने बघाल तर सोनंच. पण खेळाडू म्हणून मी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. समाधानाची यादी तपासताना त्याचं नाव आलं की पुढे सरकायचं.

मग लिऊ बेईचा प्रतिस्पर्धी सरदार त्साव त्साव याची बाजू घेतली, कारण 200 साली खरं काय घडलं ते मला माहीत होतं. त्सावने लिऊ बेईचा पराभव केला, गुआन यू हाती लागला. त्याला त्सावने मानाने ठेवलं, हुद्दा दिला, बक्षिसं दिली. गुआन यूने त्सावचा सेनापती झांग लियाओ याच्याजवळ स्पष्ट सांगितलं की इथे माझं चांगलं चाललंय, पण मी राहणार नाही, उपकार फेडून जाणार. बायमाच्या लढाईत त्याने त्सावचा शत्रू युआन शाओ याचा सेनापती यान लियांग मारला आणि उपकार फेडले. गंमत बघा, त्या वेळी लिऊ बेई युआन शाओच्याच आश्रयाला होता! नंतर मिळालेल्या भेटी मोहोरबंद करून, पत्र ठेवून गुआन यू निघाला. त्सावच्या लोकांना पाठलाग करायचा होता, त्सावने जाऊ दिलं.

यातलं काहीतरी खेळायला मिळेल या आशेने मी गेममध्ये गुआन यूच्या मागे लागलो. हाती लागलाही. माझ्याकडे तरी तो नोकरीला यायला तयार झाला नाही. उरलं काय, सोडा किंवा मान उडवा. सोडला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा फौज घेऊन समोर हजर. म्हणजे निष्ठा इथेही अबाधित, पण ती एका ‘नाही’त आटोपली. उपकाराचं ओझं आणि शपथ यांच्यात अडकलेला, दोन्ही चुकते करून जाणारा माणूस त्या ‘नाही’त मावत नाही. मधलं पान नाहीच.

दुसरी उणीव याहून मोठी. तिसऱ्या शतकात चेन शौ या इतिहासकाराने गुआन यूचं चरित्र लिहिलं, त्यात त्याचा ताठा लपवलेला नाही. शिपायांशी तो चांगला वागायचा, वरच्या वर्गातल्या लोकांना मात्र हिंग लावून विचारत नसे. दक्षिणेतला सत्ताधीश सुन छ्वान याने आपल्या मुलासाठी त्याच्या मुलीला मागणी घातली, तर त्याने दूताचाच पाणउतारा केला. 219 साली त्याने फानचेंगला घातलेल्या वेढ्यात पूर आला, त्सावचा सेनापती यू जिन याची सगळी फौज पाण्यात सापडली आणि शरण आली. कारकिर्दीतला हा सर्वात मोठा विजय. आणि त्याच मोसमात मागे सुन छ्वानचा सेनापती ल्यू मेंग याने गुआन यूच्या ताब्यातला जिंग प्रांत गिळला, कारण तिथे ठेवलेले ‘मी फांग’ आणि ‘शी रेन’ हे दोघे सरदार आधीच गुआन यूच्या वागण्याने दुखावलेले होते. त्यांनी दारं उघडून दिली. काही आठवड्यांत गुआन यू पकडला गेला आणि मारला गेला.

आता सांगा, समाधानाचा आकडा, नाराज किल्लेदार, फितुरी, हे सगळं गेममध्ये आहेच की! पण गुआन यूच्या तुसडेपणामुळे माझा एखादा किल्लेदार फितूर झाला असं इतक्या महिन्यांत एकदाही जाणवलं नाही. शिवाय सुरुवातीची सालं बघा. मूळ गेमचं 190, डीएलसीतून (वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडभागांतून) 182, 194, 200 आणि एकदम 291. चिबीच्या लढाईचं 208 नाही, 219 तर लांबच. 2021 च्या मे महिन्यात कंपनीने या गेमवरचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि खेळाडूंनी केवढा गदारोळ केला ते आठवत असेल. माझा राग त्या 219 साठी आहे. माझ्या कॅम्पेनमध्ये तो म्हातारा होऊन अंथरुणात गेला.

रेकॉर्ड्स मोडबद्दल दोन शब्द. तिथे सेनापती अंगरक्षक घोडेस्वारांसह असतो, ड्युएल नाही, अचाट ताकद नाही. इतिहासप्रेमींना हाच बरा वाटेल असं समजून मी बराच काळ खेळलो, पण गुआन यू तिथे चांगल्या आकड्यांचा आणखी एक घोडेस्वार होऊन बसतो. तसं पाहिलं तर ते चंद्रकोरी पातंही त्याच्या काळाच्या खूप नंतरचं, आणि चेन शौच्या लिखाणात तो यान लियांगला भोसकतो. पण मुंबईत माझगावला नवाब टँक रस्त्यावर चिनी लोकांचं जुनं सी यप कून मंदिर आहे, तिथे क्वान कुंग म्हणून ज्याची पूजा होते तो हाच. ज्याचा देव झाला त्याला शंभर जणांना लोळवू द्यायला हरकत नसावी. रोमान्सच लावा.

बाकी किरकोळ. युद्धातले आवाज मँडरिनवर ठेवा, मजा दुप्पट होते. हिरोंचे पोशाख आणि शाईच्या चित्रांसारखे स्क्रीन फार देखणे आहेत. राजा आणि सम्राट व्हायच्या टप्प्याला मात्र खेळ रेंगाळतो, तोवर तुमच्याकडे इतकी ठाणी असतात की प्रत्येक टर्नला नुसती कारकुनी. माझ्या मध्यम लॅपटॉपवर मोठ्या वेढ्यांत पंखा ओरडायचा, सावल्या कमी केल्यावर थांबला. डीएलसीतलं एकच घ्यायचं असेल तर 194 सालचं घ्या, ल्यू बूच्या बाजूने खेळायला मिळतं. गुआन यूसाठी म्हणून वेगळं काहीच विकत घेऊ नका, तो मूळ गेममध्ये जेवढा आहे तेवढाच आहे.