सामायिक कर्नल कोड: पोर्टला नाव विचारायचं की क्षमता?

एकाच कर्नल कोडवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या कोडवर) दोन-तीन नेटवर्क तंत्रं बसवायची असतील, तर आधी एक गोष्ट ठरवा: सामायिक कोडने पोर्टला, म्हणजे नेटवर्कला जोडणाऱ्या टोकाला, ‘तू कोण?’ विचारायचं, की ‘तुला काय येतं?’ लिनक्समध्ये दोन्ही पद्धती नांदतात.

नाव विचारणारा नमुना म्हणजे सिक्सलोपॅन, कमी विजेच्या रेडिओ लिंकवर आयपीव्ही6 चालवण्याची पद्धत. आयपीव्ही6ला किमान 1280 बाइटचं पॅकेट वाहून नेणारी लिंक लागते आणि 802.15.4 या रेडिओ मानकाची अख्खी फ्रेम 127 बाइटची, म्हणून पॅकेटचे तुकडे करावे लागतात आणि हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची पत्ते वगैरे माहिती) आवळावं लागतं. पुढे ब्लूटूथ एलईनेही आवळण्याची तीच पद्धत घेतली, त्यामुळे तेवढा भाग सामायिक झाला. पॅकेटचे तुकडे करणं मात्र 802.15.4च्याच कोडमध्ये राहिलं, कारण ब्लूटूथमध्ये ते काम एल2कॅप हा त्याचाच एक थर करतो. पत्त्यासारख्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे कोड सरळ लिंकचा प्रकार तपासतो. तंत्रं दोनच, फरक मोजके. इथे क्षमता सांगणाऱ्या फ्लॅगांचा (हो-नाही खुणांचा) डोलारा उभारण्यात मला अर्थ दिसत नाही.

आरडीएमएत, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याची मेमरी नेटवर्कवरून थेट वाचण्या-लिहिण्याच्या तंत्रात, हे गणित बिघडलं. मुळात कोड इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कसाठी लिहिलेला. मग टीसीपीवरचं आयवॉर्प आलं, त्यानंतर रॉकी: ट्रान्सपोर्ट इन्फिनिबँडचा, पण खाली इथरनेट. त्यामुळे ट्रान्सपोर्ट (डेटा पोचवण्याचा प्रोटोकॉल) कोणता आणि लिंक लेयर (खालचा जोडणीचा थर) कोणता, अशा जोडतपासण्या जागोजागी पसरल्या. अशी अट वाचून ती नेमकी कशासाठी आहे हे कळत नाही. नेटवर्कची व्यवस्था पाहणाऱ्या मॅनेजमेंट पॅकेटसाठी? जोडण्या उभारणाऱ्या कनेक्शन मॅनेजरसाठी? त्यात इंटेलचं ओम्नी-पाथ हे नवं नेटवर्क दाराशी येऊन उभं राहिलं. लिंक लेयर विचारला तर ते इन्फिनिबँडच सांगतं, पण त्याची मॅनेजमेंट पॅकेटं 256ऐवजी 2048 बाइटपर्यंत जातात. नावावरून हा फरक ओळखणार कसा?

2015 मध्ये, लिनक्सच्या 4.2 आवृत्तीत, या तपासण्यांच्या जागी क्षमतेचे फ्लॅग आले. नोंदणीच्या वेळी ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) प्रत्येक पोर्टचे फ्लॅग एकदाच भरतो, पुढे ते बदलत नाहीत. फ्लॅग पोर्टचे, कार्डाचे नव्हेत, हेही महत्त्वाचं: काही कार्डांचं एक पोर्ट इन्फिनिबँड आणि दुसरं इथरनेट असू शकतं. ओम्नी-पाथची व्याख्या मग इन्फिनिबँडचे सगळे फ्लॅग अधिक मोठ्या मॅनेजमेंट पॅकेटांचा एक, एवढ्यावर भागली. रॉकीला मॅनेजमेंट पॅकेटं आहेत, पण सबनेट मॅनेजमेंटचा (इन्फिनिबँड नेटवर्कची मांडणी सांभाळण्याचा) फ्लॅग नाही. आयवॉर्पचा कनेक्शन मॅनेजरच वेगळा.

नावं पूर्ण गेली नाहीत. प्रोटोकॉल सांगणारे फ्लॅग आजही शेजारीच आहेत आणि गरज पडली की वापरले जातात. त्याचा बाऊ करू नये.

तर तुमची तंत्रं दोनच असतील आणि तिसरं येण्याची चिन्हं नसतील, तर नाव तपासा. निम्मं याचं, निम्मं त्याचं असं तिसरं तंत्र दिसू लागलं की क्षमतेकडे वळा. मात्र सामायिक कोड जो प्रश्न खरोखर विचारतो, त्याचाच फ्लॅग करा. ड्रायव्हरपुरत्या खुब्यांचे फ्लॅग केलेत तर पुन्हा तोच गुंता. आणि हे एका दमात करायची गरज नाही. आरडीएमएतही आधी प्रत्येक प्रश्नाचं छोटं फंक्शन झालं, त्याच्या आत जुन्याच नावांच्या तपासण्या होत्या. बोलावणाऱ्या सगळ्या जागा त्यावर आल्यावर मग आतला मजकूर फ्लॅगांवर गेला.