१५०-६०० झूम लेन्स : चक्रवाकांच्या एका हंगामानंतर

माझ्या १५०-६०० मिमी लेन्सची झूम रिंग ३००च्या आसपास अडकली, ना पुढे सरकत ना मागे. त्यामुळे उन्हाळ्यात निवांत लिहायचा रिव्ह्यू आत्ताच लिहितोय. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही.

ही लेन्स एका कामासाठी घेतली होती. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर चक्रवाक, म्हणजे ब्राह्मणी बदकं, हद्दीवरून भांडतात, ते टिपायचं होतं. नुसतं पोहणारं बदक कुठल्याही टेलीफोटो लेन्सने निघतं. भांडणाचं तसं नाही. उथळ पाण्यालगतचा चिखलाचा एखादा पट्टा एका जोडीने धरून ठेवलेला असतो. तिथे तिसरं कोणी उतरलं की बऱ्याचदा आधी मादी उठते. तोंडाजवळ जास्त पांढरट दिसते ती मादी. नराच्या गळ्यातलं काळं कडं हिवाळ्यात फिकं असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. ती मान खाली घालून पुढे ताणते, ओरडत घुसखोराच्या दिशेने धावते आणि लगेच वळून नराकडे येते. पुन्हा जाते, पुन्हा येते. नवऱ्याला चिथवणंच चाललेलं असतं. मग नर सुटतो तो थेट अंगावर. पंख उघडताच त्यांतला पांढरा भाग झळकतो, आणि पाठलाग कुठल्या कुठे जातो.

म्हणजे चिथावणी ६००ला टिपायची आणि नर सुटला की क्षणात २५०-३००वर यायचं. फुल फ्रेम (३५ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६००ला दृश्यकोन जेमतेम ४ अंश, १५०ला १६. तेवढ्या अवधीत रिंग फिरली नाही तर फ्रेममध्ये नुसतं पाणी उरतं. आणि या लेन्सची रिंग जड आहे. मनगटाच्या एका वळणात पूर्ण फिरतच नाही, हात सोडून पुन्हा धरावा लागतो. ऑटोफोकस चांगला, शार्पनेस पैशाच्या मानाने उत्तम, एफ ६.३च्या लहान छिद्रातून उजेड कमी येतो म्हणून सकाळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००पर्यंत जातो, कारण शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू करून चालत नाही. हे सगळं मला मान्य आहे. रिंग मान्य नाही. सुरुवातीला लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते.

मग माहितीपुस्तिका नीट वाचली. त्यात लिहिलंय की रिंग न फिरवता लेन्सचं पुढचं टोक धरून सरळ मागे-पुढे ओढूनही झूम करता येतं. तिथून मत पालटलं. हूड (लेन्सच्या तोंडावरचं सावलीचं कडं) धरायचा, खेचायचा, झालं! नावाड्याला आधीच सांगून ठेवायचं, ‘दादा, लांबच थांबा, वल्हंसुद्धा मारू नका.’ नाव जवळ गेली की जोडी भांडण सोडून उडून जाते, मग महागडी लेन्सही काही कामाची नाही. ऊन चढलं की पाण्यावर हवा थरथरते, त्यामुळे काम सकाळी लवकरच उरकायचं. अशाच एका सकाळी मादीची ताणलेली मान, मागून निघालेला नर आणि पाय वर ओढून उडू पाहणारा घुसखोर, तिघेही एकाच चौकटीत शार्प मिळाले. त्या फोटोवर लेन्सचे पैसे वसूल झाले असं मी घरी सांगितलं होतं.

आता सर्व्हिस सेंटरचं ऐका. ‘हूड धरून ओढल्यामुळे आतला भाग सरकलाय, वॉरंटीत बसत नाही.’ पुस्तिकेतलं ते पान त्यांच्या टेबलावर ठेवलं, तरी साडेअकरा हजारांचं एस्टिमेट हातात. जी सोय कंपनी स्वतः छापून सांगते, ती वापरल्याचा दंड गिऱ्हाईकाने का भरायचा? मी एक रुपया भरला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर पुस्तिकेच्या फोटोसकट तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे फुकट दुरुस्तीला तयार झाले.

तरीही घ्या म्हणेन. ६०० एफ ४ प्राइमची (झूम नसलेल्या लेन्सची) किंमत दहा लाखांच्या पुढे आहे, आणि या भांडणांना प्राइमपेक्षा झूमच लागते. दुकानात मात्र लेन्स तोंड खाली करून धरा आणि रिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा. कुठेही खरखरली तर दुसरा पीस मागा.

लेन्स दुरुस्त होऊन तयार असल्याचा फोन काल आला. पुढचं टोक ओढून झूम केल्याने वॉरंटी जात नाही, हे जॉब शीटवर शिक्क्यासह लिहून मिळेपर्यंत मी ती ताब्यात घेणार नाही.