पेलागियस की ऑगस्टीन?

पापातून माणूस सुटतो तो कशाने, स्वतःच्या निश्चयाने की देवाच्या कृपेने? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नावर दोन ख्रिस्ती विचारवंतांची जुंपली.

पेलागियस मूळचा ब्रिटनचा, राहायला रोममध्ये. तिथल्या ख्रिस्ती लोकांचं सैल वागणं त्याला खुपायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं: देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकदही दिलीच असणार. बायबलमधला पहिला माणूस आदाम, त्याचं पाप त्याच्यापाशी. आपल्यापर्यंत पोचला तो फक्त त्याचा वाईट कित्ता. त्याच्या लेखी कृपा म्हणजे जन्मजात इच्छास्वातंत्र्य, नियमशास्त्र (बायबलमधल्या देवाच्या आज्ञा), ख्रिस्ताचा आदर्श.

हिप्पोचा (आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा) बिशप ऑगस्टीन स्वतःला ओळखून होता. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, चोरण्यातच मजा होती. इच्छाच आजारी असेल तर तिला ‘नीट वाग’ सांगून काय होणार? दारूत बुडालेल्याला ‘सोडून दे की’ म्हणण्यासारखंच ते. त्याच्या मते कृपा आधी येते, इच्छेला मोकळं करते, आणि मगच माणूस चांगलं निवडू शकतो.

४१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पेलागियसची मतं फेटाळली. माणसाला जबाबदार धरण्यात पेलागियस खणखणीत, हे मान्य. पण रोज हरणाऱ्याला त्याच्याकडून आणखी एक आज्ञाच मिळते. माझा कौल ऑगस्टीनला. फक्त बाप्तिस्म्याविना (ख्रिस्ती दीक्षाविधीविना) मरण पावलेल्या तान्ह्या बाळांनाही, सौम्य का होईना, शिक्षा असते हे त्याचं मत मी स्वीकारू शकत नाही.