जुन्या सायकलीला मोटर : साखळीची, हबची की सरळ तयार ई-सायकल?

नशिराबादहून जळगावला कामाला जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर पडतात. उन्हाळ्यात पारा 44-45 वर गेला की हेच अंतर अंगावर येतं. घरात काळी, बावीस इंची चौकटीची, दांडीच्या ब्रेकची सायकल आहे आणि हातात दहा-बारा हजार रुपये. अशा माणसासाठी हे लिहितोय, कारण तीन वर्षांपूर्वी मी त्याच जागी होतो आणि नुसते मोटरचे भाव विचारत फिरलो होतो. बॅटरीचा विचार शेवटी केला. तिथंच माझे पैसे गेले.

साखळीची मोटर म्हणजे 24 व्होल्ट, 250 वॅटची, कार्बन ब्रशवाली. ती मागच्या चाकाजवळ चौकटीला पट्टीनं कसतात आणि तिची वेगळी साखळी चाकावरच्या जादा फ्रीव्हीलवर चढवतात. मोटर, कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त देणारा डबा) आणि थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) मिळून साधारण चार-पाच हजारांत येतं. आवाज करते, साखळीला तेल मागते, ब्रश झिजतात. पण ब्रश बदलणं मोटर भरणाऱ्या मिस्त्रीला नवं नाही आणि काळ्या सायकलीची दणकट चाकं तशीच राहतात. मागे दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा नेणाऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं.

हब मोटर चाकाच्या मधोमध बसते, बैलगाडीच्या तुंब्यासारखी. आवाज जवळजवळ नाही. गिअरवाली घेतली तर मोटर बंद असतानाही पॅडल जड जात नाही. बॅटरी सोडून नऊ ते बारा हजार धरा. रेंजरछाप, केबल ब्रेकच्या 26 इंची सायकलीला ही सुरेख बसते, आणि तशी सायकल असेल तर मी हीच घ्या म्हणेन. काळ्या सायकलीचं चाक मात्र 28 इंची. तिचे ब्रेक रिमला आतल्या बाजूनं दाबतात; किटच्या नव्या रिमवर ते बसत नाहीत. म्हणजे ब्रेकही बदलणं आलं. शिवाय मोटरचा आस जाड असतो, फोर्कची खाच कानशीनं वाढवावी लागते. आस फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी लावतात, ती कधीही टाळू नका. आस खाचेत फिरला तर वायर पिळून तुटते, आणि चाक पुढचं असेल तर माणूस तोंडावर आपटतो.

तयार ई-सायकल पंचवीस-तीस हजारांच्या आसपास जाते. वॉरंटी मिळते, जोडणीची कटकट नाही. पण आपल्या बजेटात ती येत नाही आणि घरची चांगली सायकल पडून राहते.

आता बॅटरी. दुकानदार 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या पुढे करतो, जोडी दोनेक हजारांत. कागदावर 168 वॅट-तास होतात. पण तो 7 चा आकडा सहसा 20 तासांत हळूहळू रिकामी केली तरचा असतो. पूर्ण भारावर आपली मोटर 13 अँपिअर ओढते, तेव्हा जेमतेम निम्मी ताकद हाती लागते. नुसत्या थ्रॉटलवर सहा-सात किलोमीटर, पॅडल मारत गेलात तर दहा. जळगावला पोहोचाल, परतीचं काय? माझी जोडी पावसाळ्यात महिनाभर रिकामीच पडून राहिली आणि आठव्या महिन्यात मेली. लेड-ॲसिड रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती चार्ज घेत नाही.

म्हणून माझा कौल असा : मोटर स्वस्त, साखळीची, बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, 24 व्होल्ट 10 अँपिअर-तासाची. सहा-आठ हजार लागतात. वजन लेड-ॲसिड जोडीपेक्षा कमी, नुसत्या मोटरवर पंधरा किलोमीटर, पॅडलच्या जोडीनं वीसच्या पुढे. हजाराहून जास्त वेळा चार्ज होते आणि खान्देशातलं ऊन इतर लिथियमपेक्षा बरं सोसते. घेताना बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट, 25-30 अँपिअरचं आहे का ते विचारा. लेड-ॲसिडचा जुना चार्जर तिला लावू नका. बॅटरीजवळ 30 अँपिअरचा फ्यूज हवाच. असोद्यासारख्या जवळच्या गावातून येणार असाल आणि कामावर पुन्हा चार्ज करायची सोय असेल, तर लेड-ॲसिडवर निभेल, पण वर्षाला नवी जोडी धरूनच हिशेब करा.

सातपुड्याच्या चढांवर, पालकडे किंवा तोरणमाळकडे, यातलं काहीच नेऊ नका. लांब चढावर 250 वॅटची मोटर तापते.

350 वॅटचं किट कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. मोटर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तरच ती कायद्यानं मोटार वाहन ठरत नाही. तेव्हा 250 चं किट घेतानाही त्याची नोंदलेली ताकद बघून घ्या.

ब्रेकबद्दल आमच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, मोटर भारी शे, पन बिरेक आधी देख." किटमधले मोटर बंद करणारे ब्रेक-लिव्हर दांडीच्या ब्रेकला लागत नाहीत. मी डाव्या अंगठ्याखाली मोटर तोडायचं वेगळं बटण लावलं, चारही ब्रेक-रबर नवे घातले. ओल्या रिमवर ते तरीही उशिरा धरतात, म्हणून पावसात मी पंधराच्या वर जात नाही. आणि मे महिन्यात कामावरून आल्यावर बॅटरी उतरवून घरात, माठाजवळच्या गारव्यात ठेवतो. चार्जिंगला लावतो ती जेवणं आटोपल्यावर.